पाल्यास गणितात पुढे ढकलण्याची सशास्त्र पद्धत

पाल्य पहिली ते पाचवीत आहे, गणितात ए प्लस मिळतंय, वहीवर बाईंचा 'छान' असा शेरा आहे आणि तरीही रात्री अकरानंतर पालकांची झोप उडालेली आहे, अशा घरांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केलं आहे. ज्यांचं मूल गणितात खरोखरच अडलंय त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. त्यांना शिक्षक लागतो. आपल्याला अभ्यासक्रम लागतो.

शाळेचं गणित 'फारच बेसिक' आहे, हा शोध पालकांना सहसा सोसायटीच्या गेटवर, वाढदिवसाच्या पार्टीत किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागतो. मुलाच्या वहीत तो लागल्याचं ऐकिवात नाही, कारण त्यासाठी वही उघडावी लागते. गेटच्या बाहेर हे विधान टिकत नाही, ही गोष्ट वेगळी. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार 2024 साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण 30 टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. पण ती मुलं आपल्या ग्रुपवर नाहीत. तेव्हा शाळेचं गणित सोपं आहे, असं धरून पुढे जाऊ.

पहिलं काम अवघडपणा मोजण्याचं. त्याचं प्रचलित एकक म्हणजे 'शेजारचा मुलगा'. हे एकक स्थिर नाही. दर परीक्षेनंतर ते वाढतं, आणि शेजारी बदली होऊन गेले तर नवीन शेजारी येईपर्यंत मोजमाप ठप्प होतं. तरी व्यवहारात दुसरं चालत नाही. शेजारचा मुलगा दुसरीत तीन अंकी गुणाकार करत असेल, तर आपल्याने दुसरीत भागाकार केला पाहिजे. दोघांपैकी कोणाला गुणाकार म्हणजे काय ते समजलंय, हा प्रश्न या टप्प्यावर काढू नये. वातावरण बिघडतं.

अवघड म्हणजे पुढच्या इयत्तेचं, ही व्याख्या पाठच करून ठेवावी. ती सोयीची आहे, कारण इयत्ता पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापलेली असते आणि पुस्तक उघडावं लागत नाही. शिवाय 'आमचा तिसरीत आहे, पण पाचवीचं करतो' हे वाक्य लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सहज पूर्ण होतं. अवघडपणाचा आणखी एक प्रकार आहे म्हणतात. गणित तिसरीचंच, बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही, पण कुठून सुरुवात करावी ते पटकन कळत नाही आणि मूल त्यावर बराच वेळ पेन्सिल चावत बसतं. हा प्रकार टाळावा. 'आमचा काल वीस मिनिटं एकाच गणितावर बसला होता' असं लिफ्टमध्ये सांगितलं, तर समोरचा सहानुभूतीने पाहतो आणि चांगल्या डॉक्टरांचा नंबर देतो.

आता बाजारात जाऊ. सर्वांत आधी भेटतो ॲबॅकस. जपानी पद्धतीच्या या चौकटीत प्रत्येक तारेवर वरच्या बाजूला एक मणी आणि खालच्या बाजूला चार असतात. वरचा पाचाचा, खालचे एकेकाचे. काही लेव्हल झाल्या की पाल्य चौकट बाजूला ठेवून हवेत बोटं नाचवतो आणि आठ-दहा संख्यांची बेरीज आपण शेवटची संख्या ऐकेपर्यंत सांगून मोकळा होतो. पाहुण्यांसमोर याला तोड नाही, आणि झटपट बेरीज येणं ही काही वाईट गोष्ट नव्हे. एकच काळजी घ्यावी. पाहुण्यांपैकी कोणी गणिताचे निवृत्त शिक्षक असतील, तर त्यांना प्रश्न विचारू देऊ नये. ते हमखास म्हणतात, "बाळ, 36 आंबे चार घरांत सारखे वाटले, तर एकेका घरात किती?" बाळाची बोटं हवेत जातात, तिथेच थबकतात, आणि बाळ विचारतं, "आजोबा, गुणायचं की भागायचं?"

ॲबॅकसच्या क्लासच्याच जिन्यावर समोरच्या खोलीत वैदिक गणिताचा क्लास असतो. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं या विषयावरचं पुस्तक 1965 साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. त्यातली सोळा सूत्रं उपलब्ध वेदसंहितांमध्ये अभ्यासकांना सापडली नाहीत, हा तपशील फ्री डेमोच्या वेळी काढणं शिष्टाचाराला धरून नाही. डेमोत हमखास 65 चा वर्ग करतात. शेवटी 5 आहे ना, मग 6 ला त्याच्या पुढच्या 7 ने गुणा, आले 42. त्यापुढे 25 लिहा. 4225. खुर्चीवर बसलेले बाबा ताठ होतात आणि तिथल्या तिथे फोनवरून फी भरतात.

हे असं का होतं, याचं उत्तर खरं तर फार सुंदर आहे आणि चौकटीच्या वहीवर दाखवता येतं. 65 बाय 65 चा चौरस काढायचा. उजवीकडची पाच घरं रुंदीची पट्टी 60 उंचीवर कापून घ्यायची आणि आडवी करून वर ठेवायची. 60 बाय 70 चा आयत तयार होतो आणि कोपऱ्यात 5 बाय 5 चा तुकडा उरतो. 4200 आणि 25. पण यात कात्री लागते, कागदाचा कचरा होतो आणि तेवढ्या वेळात आणखी तीन युक्त्या शिकवून होतात. पाल्याने 'का' असं विचारलंच, तर त्याला पुढचं सूत्र द्यावं.

ऑलिंपियाडशिवाय मार्गदर्शन पूर्ण होत नाही. खरी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड 1959 साली रुमानियात सुरू झाली. भारत तिच्यात 1989 पासून भाग घेतो, आणि 1996 ची स्पर्धा तर आपल्या मुंबईतच भरली होती. भारतीय संघ निवडण्याचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. स्पर्धा दोन दिवसांची, रोज साडेचार तास, आणि त्या साडेचार तासांत प्रश्न फक्त तीन. हे ऐकून पालक दचकतात. "दीड तासाला एक प्रश्न? मग पोर्शन कसा संपणार?" घाबरू नये. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी नावात 'ऑलिंपियाड' असलेल्या पुष्कळ परीक्षा निघालेल्या आहेत. त्यांत गोल काळे करायचे असतात, प्रश्न भराभर असतात आणि पदकांचा तुटवडा नसतो. पदक दिवाणखान्यात अशा उंचीवर लावावं की सोफ्यावर बसलेल्याला पुढचा मजकूर दिसेल, पण 'शाळेतून तिसरा' ही खालची ओळ दिसणार नाही. स्कॉलरशिपच्या परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीने पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना खरोखरची डोकेफोड पुरवली. पण ती सरकारी असल्यामुळे तिला वजन नाही.

परदेशी अभ्यासक्रमांचं प्रकरण जरा जपून हाताळावं लागतं, कारण ते आतून वेगळेच निघतात. जपानी घ्या. ओसाकातले हायस्कूलचे गणितशिक्षक तोरु कुमोन यांनी 1954 साली दुसरीतल्या आपल्या मुलासाठी हाताने सरावपत्रिका लिहायला सुरुवात केली. त्यांचीच पुढे जगभर केंद्रं झाली. तिथे मुलाला त्याच्या कुवतीच्या थोडं खालूनच सुरू करायला लावतात. पाचवीचं करणाऱ्या आपल्या तिसरीतल्या मुलाच्या हातात पाच अधिक एकची पत्रिका पाहून भल्याभल्या आयांचा बांध फुटलेला आहे. रशियन घ्या. सोव्हिएत संघातून आलेल्या दोघी बायकांनी 1997 साली बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात शाळेनंतरचे गणिताचे वर्ग सुरू केले. न्यू जर्सीतली आपली मंडळी आता पोरांना तशा वर्गांना नेऊन सोडतात आणि मराठी शाळेच्या वेळा त्याप्रमाणे बदलून मागतात. एडिसनहून सुटीत येणारी आत्या मात्र आणते ती बहुधा 'बीस्ट अकॅडमी'. म्हणजे चक्क कॉमिक्स. राक्षसांची पोरं शाळेत जातात आणि गणितं करतात. आजोबा दोन पानं उलटून म्हणतात, "एवढ्या डॉलरला हे?" पण त्याच्या सोबतच्या सराव पुस्तकात काही गणितांना तारे छापलेले आहेत, आणि त्यातलं एखादं सोडवायला आजोबा चष्मा लावून बसले की जेवणाची ताटं थांबतात.

यात सगळ्यांत जास्त मागणी सिंगापूरला. 1995 च्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथी आणि आठवी, दोन्ही गटांत सिंगापूर पहिलं आलं, आणि तेव्हापासून त्या चिमुकल्या देशाची प्राथमिक शाळेची पुस्तकं जगभरचे पालक विकत घेत सुटले. घरी आणल्यावर समजतं की त्यांत धडे कमी आहेत. कमी! पाल्याला घाई करायला इथे फारसा वाव नाही. आधी वस्तू हाताळायच्या, मग चित्र काढायचं आणि सगळ्यात शेवटी अंक लिहायचे, असा तिथला क्रम. यामुळे घरात काय प्रसंग उद्‌भवतो, तो एकदा पाहून ठेवावा. 'आई आणि मुलगी यांच्या वयांची बेरीज 48. आईचं वय मुलीच्या तिप्पट. तर दोघींची वयं किती?' बाबा इंजिनिअर. ते बाह्या सरसावतात.

"सोप्पंय. मुलीचं वय एक्स धरू."

"एक्स कशाला? तिला नाव नाहीये का?"

"नाव काहीही असेल गं. आपण एक्स म्हणायचं. मग आईचं थ्री एक्स."

"म्हणजे आई तीन वेळा?"

बाबा पाणी पिऊन येतात. तोवर लेकीने पुस्तकात दाखवल्याप्रमाणे मुलीसाठी एक चौकोन काढलेला असतो आणि खाली आईसाठी तीन. चार चौकोनांत मिळून 48. एकात 12. मुलगी 12, आई 36. बाबा वही उलटीसुलटी करून पाहतात आणि म्हणतात, "पण ही मेथड परीक्षेत चालते का?"

या धक्क्यातून सावरायला स्वदेशी काही हवं असेल, तर बालभारतीकडे वळावं, असं सुचवण्याचं धाडस आम्ही करत नाही. बालभारतीचा मुख्य दोष म्हणजे किंमत. एवढ्या स्वस्त पुस्तकाने मूल हुशार होईल यावर कोण विश्वास ठेवील? त्यात 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. लहान मुलं 'सत्तावीस' ऐकून आधी 7 लिहितात आणि मग 2, ही वर्गातली रोजची अडचण त्या पुन्हा पुन्हा समजावत राहिल्या. अधिवेशनापासून वर्तमानपत्रांच्या व्यंगचित्रांपर्यंत विषय गाजला. ज्यांनी दुसरी सोडून चाळीस-पन्नास वर्षं झाली होती, त्यांना त्या वर्षी दुसरीच्या गणिताची गोडी लागली. बाकीची पानं त्यांतल्या किती जणांनी उलटली, ते विचारू नये.

त्याही मागे जायचं तर अंकलिपीत जावं लागेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनची औटकी. आठ-नऊ वर्षांची पोरं अपूर्णांकांचे पाढे म्हणत होती, आणि बाजारात सव्वासात शेर धान्याचा हिशेब तोंडी होत होता. आज हेच 'मेंटल फ्रॅक्शन्स, लेव्हल टू' या नावाने काढलं, तर वेटिंग लिस्ट लागेल. अर्थात, त्या पाठांतराचे गोडवे गाणाऱ्यांनी पंतोजींची छडी आणि औटकी पाठ न झाल्यामुळे शाळा सुटलेली पोरं, हेही लक्षात ठेवलेलं बरं. स्मरणरंजनात नापास झालेल्यांची नावं कधी येत नाहीत.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या गृहस्थांपासून मात्र पालकांनी विशेष सावध राहावं. 1905 साली डहाणूला जन्म, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर, गणितातली पदव्युत्तर पदवी नाही. 1949 साली त्यांना 6174 ही संख्या सापडली. पुढे 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिल्यावर कापरेकरांचं नाव जगभर झालं. 1986 साली ते गेले, पण त्यांचा उपद्रव अजून चालू आहे. तो असा.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, 3524. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, 5432. मग लहानाकडून मोठ्याकडे, 2345. वजा करा. आले 3087. पुन्हा तेच. 8730 वजा 0378, आले 8352. पुन्हा. 8532 वजा 2358, आले 6174. आणखी एकदा करून पाहा. 7641 वजा 1467. परत 6174. आता हे इथून हलत नाही. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच यावं लागतं.

यात अभ्यासक्रमाच्या दृष्टीने काय काय चुकीचं आहे, ते पाहा. हातच्याच्या वजाबाकीची चाळीस गणितं छापून दिली, तर जे पोर पाचव्या गणिताला 'पोट दुखतंय' म्हणतं, तेच इथे आपण होऊन एकापाठोपाठ एक वजाबाक्या करत सुटतं. कारण त्याला वाटतं, आपण घेतलेली संख्या फसवेल. फसवत नाही. मग ते आजीचं जन्मसाल घेतं, गाडीचा नंबर घेतं, वॉचमनकाकांना संख्या विचारून येतं. मध्येच एखादं उत्तर 6174 येत नाही, तेव्हा कापरेकर खोटे ठरल्याच्या आनंदात ते धावत येतं, आणि वजाबाकी तपासली तर हातचा राहिलेला असतो. म्हणजे चूक त्याची त्यालाच सापडते आणि लाल पेनचं काम उरत नाही. पुढे ते विचारतं, "तीन अंकी घेतली तर?" (495 वर अडकते.) "दोन अंकी?" (अडकतच नाही, पाच संख्यांच्या फेऱ्यात फिरत राहते. पण हे त्याला सांगण्याची चूक करू नये.) आणि सरतेशेवटी, "पण असं का होतं?" इतका वेळ गेला, आणि इयत्ता एकानेही पुढे सरकली नाही. फी नाही, लेव्हल नाही, प्रमाणपत्र नाही. क्लासवाल्यांनी हे अजून उचललेलं नाही, यातच सगळं आलं.

अभ्यासक्रम घरात आल्यावर पाल्याच्या लक्षणांवर नजर ठेवावी. पाल्य रडला, तर अभ्यासक्रम दर्जेदार आहे. पाल्य न बघता भराभर उत्तरं लिहीत असेल, तर अभ्यासक्रम उत्तमच आहे, पुढची लेव्हल घ्यावी. काळजीचं लक्षण तिसरंच. आपण मदतीला वाकावं आणि पाल्याने हाताने पान झाकून म्हणावं, "थांब, सांगू नकोस." असं झाल्यास पान ओढून घेऊन उत्तर ताबडतोब सांगून टाकावं. एकदा ही सवय लागली की मूल पुढे कोणाचंच ऐकत नाही, आणि गणितात तर नाहीच नाही.

शिकवणाऱ्याला स्वतःला गणित आलं पाहिजे का, हा मुद्दा काही लोक उगाच काढतात. त्यांचा आधार म्हणजे लिपिंग मा यांचं 1999 सालचं पुस्तक. या बाईंनी अमेरिका आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांपुढे पावणेदोन भागिले अर्धा हे गणित ठेवलं, आणि त्यावर एखादं शाब्दिक उदाहरणही रचायला सांगितलं. चीनच्या सगळ्या शिक्षकांना उत्तर आलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण अमेरिकनांपेक्षा कमी वर्षांचं होतं. निम्म्याहून अधिक अमेरिकन शिक्षकांना ते पुरतं जमलं नाही, आणि उदाहरण रचताना अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटून टाकलं. आपल्याकडे पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायला सांगितलं, तर डेअरीवाला साडेतीन पिशव्या आहेत म्हणेल. तो कोणता अभ्यासक्रम शिकला, याची चौकशी करून त्याची फ्रँचायझी घेण्याचा विचार व्हावा.

एवढं सगळं वाचूनही निर्णय होत नसेल, तर शेवटचा उपाय सांगतो. कुठलीही फी भरण्याआधी आई-बाबांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, फोन न बघता, दुसरी-तिसरीच्या मुलांना घालतात असं एक कोडं सोडवावं. 1 ते 100 सगळ्या संख्या अंकांत लिहिल्या, तर 9 हा अंक किती वेळा लिहावा लागेल? उत्तर 20 आहे. 10, 11 किंवा 19 आलं असेल, तर प्रवेश पाल्याच्या नावाने घेऊ नये, आपल्या नावाने घ्यावा. आणि दोघांचीही उत्तरं बरोबर आली असतील, तर क्लासच्या वेळात घरीच बसावं. पेन्सिल पाल्याच्या हातात द्यावी आणि आपण तोंड बंद ठेवावं.